तरंगते ढग : पराभूत देशाची एक न संपणारी प्रेमकथा

प्रेमकथेचा शेवट बहुधा दोनच प्रकारांनी होतो. नायक-नायिका एकत्र येतात, किंवा समाज, नियती वा मृत्यू त्यांची ताटातूट करतो. जपानी दिग्दर्शक मिकिओ नारुसे यांच्या ‘उकिगुमो’ या १९५५ सालच्या चित्रपटात या दोहोंपेक्षा वेगळे काही घडते. येथील दोन माणसे वारंवार एकमेकांना सोडून जातात आणि वारंवार एकमेकांकडे परत येतात. ती त्याला सोडू शकत नाही आणि तो कधीही पुरता तिचा होऊ शकत नाही. दोन तासांहून थोड्या अधिक कालावधीच्या या कृष्णधवल चित्रपटात एवढेच घडते. तरीही जपानी समीक्षक आपल्या देशातील सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी करावयास बसतात, तेव्हा ‘उकिगुमो’चे नाव पहिल्या काही नावांत असतेच.

आपल्याकडे जपानी सिनेमा म्हटला की प्रथम अकिरा कुरोसावा आठवतात, त्यानंतर यासुजिरो ओझू आणि केंजी मिझोगुची. नारुसे हे या मालिकेतील चौथे नाव. जपानबाहेरच्या प्रेक्षकाला ते फार उशिरा कळले. त्यांची ही सर्वांत गाजलेली कलाकृती नेमकी काय आहे, कोणत्या काळातून ती आली आणि आजही ती मनाला का भिडते, याचा हा परिचय.

कथा

‘उकिगुमो’ या शब्दाचा अर्थ तरंगता ढग. वारा नेईल तिकडे जाणारा, कोठेही मूळ नसलेला. याच नावाची फुताबातेई शिमेई यांची एक कादंबरी एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध झाली होती आणि जपानी आधुनिक कादंबरीची सुरुवात म्हणून तिचा उल्लेख होतो. चित्रपटाचा मात्र तिच्याशी संबंध नाही. तो फुमिको हायाशी यांच्या महायुद्धोत्तर काळातील कादंबरीवर आधारलेला आहे.

कथा सुरू होते १९४६च्या हिवाळ्यात. महायुद्धात जपानचा पराभव झाला आहे आणि परदेशांत अडकलेले जपानी नागरिक जहाजांतून मायदेशी परतत आहेत. त्यांच्यातच युकिको कोदा ही तरुणी आहे. युद्धकाळात ती फ्रेंच इंडोचायनातील, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधील, दालात या थंड हवेच्या गावी टंकलेखिका म्हणून काम करीत होती. तेथे तिची भेट केंगो तोमिओका या वनखात्यातील अधिकाऱ्याशी झाली. तो विवाहित होता. पत्नीशी काडीमोड घेऊन तिच्याशी लग्न करण्याचे वचन त्याने दिले आणि तो तिच्या आधी जपानला परतला.

तोक्योला पोहोचताच युकिको त्याच्या घराचा पत्ता शोधीत जाते. दार त्याची पत्नी उघडते. तोमिओका बाहेर येतो आणि दोघे रस्त्याने चालू लागतात. प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच कळून चुकते की वचन पाळले जाणार नाही. युकिकोलाही ते कळते. पण ती निघून जात नाही.

पुढची कथा म्हणजे अशाच भेटींची साखळी. निराधार झालेली युकिको काही काळ एका अमेरिकन सैनिकाच्या आधाराने राहते. तोमिओका सरकारी नोकरी सोडून लाकडाच्या व्यापारात पडतो आणि बुडतो. वर्षअखेरीस दोघे इकाहो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जातात. तेथे सेइकिची नावाचा मद्यगृहाचा मालक तोमिओकाचे घड्याळ विकत घेतो, दोघांना आश्रय देतो आणि तोमिओका त्याच माणसाच्या तरुण पत्नीच्या, ओसेईच्या, मोहात पडतो. युकिको गरोदर राहते, गर्भपात करवून घेते आणि इस्पितळातील खाटेवर पडल्यापडल्या वर्तमानपत्रात वाचते की सेइकिचीने ओसेईचा खून केला. तिच्या पूर्वायुष्यात जबरदस्तीने शिरलेला इबा नावाचा नातेवाईक आता एका नव्या पंथाचा पुढारी बनून पैसा कमावीत असतो. ती त्याच्या आश्रयाला जाते. तोमिओकाची पत्नी आजारात मरते आणि तिच्या अंत्यसंस्कारासाठी पैसे मागायला तो कोणाकडे येतो, तर युकिकोकडे.

शेवटी युकिको पंथाच्या पैशांतील मोठी रक्कम उचलून पळते आणि तोमिओकाला बोलावून घेते. त्याला याकुशिमा या दूरच्या दक्षिणी बेटावर वनखात्याची नोकरी मिळालेली आहे. ती त्याच्यासोबत जाण्याचा हट्ट धरते. वाटेत ती आजारी पडते. अखंड पाऊस पडणाऱ्या त्या बेटावर, तो कामासाठी डोंगरात गेलेला असताना, ती एकटीच मरण पावते.

शेवट असा आधीच सांगून टाकल्याने रसभंग होत नाही. युकिकोचे पुढे काय होणार, हे चित्रपट फारसे लपवीत नाही. प्रेक्षकाला धरून ठेवते ती प्रत्येक भेटीत कोण किती झुकते आणि कोण किती दूर सरकते, याची नोंद.

हायाशींचे जग

फुमिको हायाशी यांचा जन्म १९०३ सालचा. त्यांचे बालपण दारिद्र्यात आणि भटकंतीत गेले. कारखान्यात, उपाहारगृहांत, मद्यगृहांत मिळेल ते काम करीत त्यांनी लेखन केले आणि १९३० मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘होरोकी’ या रोजनिशीवजा आत्मकथनाने त्या एकदम प्रसिद्धीला आल्या. पुढे युद्धवार्ताहर म्हणून त्या चीनमधील आघाडीवर आणि नंतर आग्नेय आशियातही जाऊन आल्या. सत्तेने पाठविलेली लेखिका म्हणून त्यांच्यावर टीका झाली. युद्धानंतर मात्र त्यांच्या लेखणीने हरलेल्या, विस्थापित झालेल्या माणसांचीच बाजू धरली. ‘उकिगुमो’ ही त्यांनी पूर्ण केलेल्या शेवटच्या कादंबऱ्यांपैकी एक. जून १९५१ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी नारुसे यांनी हायाशींच्या ‘मेशी’ या अपूर्ण राहिलेल्या कादंबरीवर चित्रपट केला आणि तेथून या दोन कलावंतांचे, म्हटले तर मरणोत्तर, सहकार्य सुरू झाले. ‘इनाझुमा’ (१९५२), ‘त्सुमा’ (१९५३), ‘बांगिकु’ (१९५४), ‘उकिगुमो’ (१९५५) आणि ‘होरोकी’ (१९६२) असे एकूण सहा चित्रपट त्यांनी हायाशींच्या साहित्यावर केले. दोघांचा पिंड एकच होता. नारुसे यांचा जन्म १९०५चा, तोक्योतील गरीब घरातला. लहान वयातच ते शोचिकु या चित्रसंस्थेत सामान हाताळणारे साहाय्यक म्हणून लागले आणि दिग्दर्शक होण्यासाठी त्यांना सुमारे दहा वर्षे वाट पाहावी लागली. पैशांची चणचण माणसाच्या स्वभावाला कसा आकार देते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

‘उकिगुमो’ची पटकथा योको मिझुकी यांची. नारुसे यांच्याच ‘ओकासान’ (१९५२) आणि ‘यामा नो ओतो’ (१९५४) या चित्रपटांचे लेखनही त्यांनी केले होते. म्हणजे मूळ कथा स्त्रीची आणि पटकथाही स्त्रीची. युकिकोच्या वाट्याला आलेल्या अपमानांचे चित्रण कोठेही करुणरसाच्या प्रदर्शनात घसरत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

पराभवाचे अर्थशास्त्र

युद्ध संपले तेव्हा साठ लाखांहून अधिक जपानी सैनिक आणि नागरिक देशाबाहेर होते. मांचुरिया, कोरिया, चीन, आग्नेय आशिया, प्रशांत महासागरातील बेटे अशा सर्व ठिकाणांहून त्यांना परत आणावयाचे होते. ते परतले तेव्हा शहरे जळालेली होती, घरे उरली नव्हती, अन्नाचा तुटवडा होता आणि बहुतेक व्यवहार काळ्या बाजारातून चालत. १९४५ ते १९५२ या काळात देशाचा कारभार दोस्त राष्ट्रांच्या, प्रत्यक्षात अमेरिकेच्या, लष्करी अंमलाखाली होता. त्या वर्षांत चित्रपटांवर अमेरिकन अधिकाऱ्यांची नजर असे आणि परकीय सैनिकांचे खरेखुरे चित्रण पडद्यावर आणणे अवघड होते. ‘उकिगुमो’ हा अंमल संपल्यानंतरच्या मोकळ्या हवेतला चित्रपट आहे. आपण काय भोगले आणि काय केले, याकडे जपान प्रथमच उघड्या डोळ्यांनी पाहू लागला होता.

म्हणूनच या प्रेमकथेत पैसा सतत हजर असतो. जवळजवळ प्रत्येक भेटीत काहीतरी विकले जाते, उसने घेतले जाते किंवा दिले जाते. तोमिओका भेटीच्या शेवटी युकिकोच्या हाती नोटा ठेवतो. पुढे परिस्थिती उलटते आणि तोच तिच्यापुढे हात पसरतो. सहलीचा खर्च घड्याळ विकून भागतो. गर्भपाताचे पैसे ज्याने तिची अब्रू घेतली त्याच इबाकडून आणावे लागतात. युद्धोत्तर जपानमध्ये नव्या पंथांचे पेव फुटले होते आणि पिचलेल्या जनतेच्या श्रद्धेवर काहींनी आपली घरे भरली. इबाच्या रूपाने नारुसे त्या व्यवहाराकडेही तिरकस नजर टाकतात. माणसाच्या शरीराला, श्रद्धेला, दुःखाला बाजारभाव आलेल्या काळात न विकता येणारी अशी एकच वस्तू युकिकोजवळ उरते. ती म्हणजे दालातची आठवण.

दालात : कोणाचा स्वर्ग?

दालातची दृश्ये चित्रपटात पूर्वस्मृती म्हणून येतात. तोक्योच्या चिखलात, अरुंद खोल्यांत आणि धुरकट प्रकाशात घडणाऱ्या कथेत ती उजळ दृश्ये एकदम वेगळी दिसतात. उंच झाडी, प्रशस्त बंगला, पांढरा पोशाख घातलेली युकिको. या आठवणीच्या बळावरच ती पुढची वर्षे काढते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि आजच्या प्रेक्षकाने तो स्वतःला विचारला पाहिजे. हा स्वर्ग कोणाच्या भूमीवर उभा होता? जपानी फौजा १९४० मध्ये इंडोचायनाच्या उत्तर भागात आणि १९४१ मध्ये दक्षिण भागात शिरल्या. तेथील तांदूळ, लाकूड, रबर ही सारी साधनसंपत्ती युद्धयंत्रणेसाठी हवी होती. तोमिओकासारखा वनाधिकारी तेथे होता तो याच कारणाने. १९४४-४५ मध्ये त्याच देशाच्या उत्तर भागात पडलेल्या भीषण दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यातले काहीही दालातच्या दृश्यांत नाही. तेथे स्थानिक माणसे आहेत ती बंगल्यातील नोकर म्हणून. एका व्हिएतनामी मोलकरणीची तोमिओकाकडे वळलेली नजर एवढे सुचवून जाते की युकिकोच्या आधीही त्या घरात काही घडले होते. पण तिची कथा सांगावी असे चित्रपटाला वाटत नाही.

याला दोष म्हणावे की सूचकता, यावर मतभेद होऊ शकतात. मात्र चित्रपटाची रचना पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट होते. दालात आपल्याला कधीही वस्तुस्थिती म्हणून दाखविले जात नाही. ते नेहमी आठवणीत असते, आणि आठवण सांगणारी माणसे पराभूत आहेत. सत्ता हातात असताना जे सुख सहज मिळाले, ते आपल्या प्रेमाचे फळ होते असे त्यांना वाटते. वास्तविक ते त्यांच्या स्थानाचे फळ होते. सत्ता गेली, स्थान गेले आणि प्रेमाला राहायला जागा उरली नाही. वसाहतीच्या सोनेरी दिवसांचे गोडवे राज्यकर्त्यांच्या आठवणींत कसे जपले जातात आणि त्यांतून स्थानिक माणूस कसा गळून पडतो, हे गोमंतकीय वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

चालणारी दोन माणसे

नारुसे यांच्या शैलीविषयी बोलणे कठीण आहे, कारण ती डोळ्यांवर येत नाही. कुरोसावांप्रमाणे वादळी गती नाही, मिझोगुचींप्रमाणे लांबलचक सरकती दृश्ये नाहीत, ओझूंप्रमाणे जमिनीलगतचा स्थिर कॅमेराही नाही. नारुसे यांच्या हाताखाली उमेदवारीच्या काळात काम केलेल्या कुरोसावांनी आपल्या आत्मकथनात त्यांच्या कलेला वरून संथ आणि खाली जोरकस ओढ असलेल्या खोल नदीची उपमा दिली आहे. ‘उकिगुमो’ पाहताना तिची सार्थकता पटते.

या चित्रपटात दोघे सतत चालतात. पडक्या भिंतींच्या कडेने, बाजाराच्या गर्दीतून, उद्यानाच्या वाटेवरून, इकाहोच्या दगडी पायऱ्यांवरून. बसून बोलण्यासाठी त्यांना स्वतःची अशी जागाच नाही. घर त्याच्या पत्नीचे, खोली भाड्याची, विश्रामगृह एका रात्रीचे. म्हणून बोलणे चालताचालता होते. एक पुढे जातो, दुसरा मागे राहतो. एक थांबतो, दुसरा मान वळवतो. चेहऱ्यावरून चेहऱ्याकडे, नजरेवरून नजरेकडे दृश्य सरकत राहते. या चालींच्या अंतरातूनच त्या क्षणी त्यांच्या नात्याची अवस्था काय आहे ते कळते. एकाही पात्राला आपले मन उघड करून सांगावे लागत नाही.

काळही असाच न सांगता पुढे सरकतो. एका दृश्याच्या आणि दुसऱ्या दृश्याच्या मध्ये कित्येक महिने निघून गेलेले असतात आणि प्रेक्षकाला ते कपड्यांवरून, खोलीतील सामानावरून, बोलण्याच्या सुरावरून ओळखावे लागते. पुष्कळ महत्त्वाच्या घटना पडद्याआड घडतात. खुनाची बातमी वर्तमानपत्रातून येते, पत्नीचा मृत्यू तोमिओकाच्या एका वाक्यातून. छायाचित्रकार मासाओ तामाई यांचा मंद प्रकाश आणि संगीतकार इचिरो साइतो यांची पुन्हा पुन्हा येणारी, काहीशी परदेशी वळणाची धून या तुटक काळाला एकत्र बांधून ठेवतात. ती धून ऐकू येते तेव्हा आपण तोक्योत असलो तरी दालात फार दूर नसते.

ताकामिने आणि मोरी

युकिकोची भूमिका हिदेको ताकामिने यांची. १९२४ साली जन्मलेल्या ताकामिने अवघ्या पाचव्या वर्षी पडद्यावर आल्या आणि बालतारका म्हणून सगळ्या जपानच्या लाडक्या झाल्या. ‘उकिगुमो’च्या आदल्याच वर्षी केइसुके किनोशिता यांच्या ‘निजुशी नो हितोमी’ या चित्रपटात त्यांनी विद्यार्थ्यांवर जीव लावणारी आदर्श शिक्षिका रंगविली होती. त्या प्रतिमेनंतर युकिकोसारखी स्त्री साकारणे हे मोठे धाडस होते. ही स्त्री भांडते, खोटे बोलते, चोरी करते, प्रसंगी कडवट हसते. ताकामिने तिला सहानुभूतीची भीक मागू देत नाहीत. त्यांच्या आवाजात एक थकवा आहे आणि त्या थकव्याच्या तळाशी अजिबात न विझणारा हट्ट आहे. नारुसे यांच्याबरोबर त्यांनी एकूण १७ चित्रपट केले. त्यांपैकी हा शिखरावरचा.

मासायुकी मोरी यांनी तोमिओका उभा केला आहे. ‘राशोमोन’मधील सामुराई पती आणि ‘उगेत्सु’मधील मोहात सापडलेला कुंभार म्हणून आपल्याकडील रसिक त्यांना ओळखतात. तोमिओका हा खलनायक असता तर चित्रपट सोपा झाला असता. तो दुबळा आहे, स्वतःच्या दुबळेपणाची त्याला पुरेपूर जाणीव आहे आणि ती जाणीवच त्याने निमित्त म्हणून वापरली आहे. मोरी त्याला एक पडलेला, सुसंस्कृत देखणेपणा देतात. त्यामुळे युकिको त्याच्यात काय पाहते हे कळते आणि त्याचा रागही येतो. सेइकिचीच्या भूमिकेत दाइसुके कातो आहेत. आदल्या वर्षीच्या ‘सात सामुराई’तील सातांपैकी एक. मारिको ओकादा यांची ओसेई थोडाच वेळ पडद्यावर आहे, पण विसरता येत नाही.

सोबत मरणेही न जमलेले प्रेमिक

जपानी प्रेमकथेची एक जुनी परंपरा आहे. तिला ‘शिंजू’ म्हणतात. या जन्मी मिलन अशक्य झालेले प्रेमिक एकत्र प्राणत्याग करतात. चिकामात्सु मोंझाएमोन यांनी १७०३ साली अशाच एका सत्य घटनेवर कळसूत्री बाहुल्यांचे नाटक लिहिले आणि तो विषय जपानी रंगभूमीवर कायमचा रुजला. मृत्यूकडे निघालेल्या प्रेमिकांचा अखेरचा प्रवास हा त्या नाटकांचा सर्वांत काव्यमय भाग असतो. त्याला ‘मिचियुकी’ असे नाव आहे. ही परंपरा केवळ रंगभूमीपुरती नव्हती. खुद्द मोरी यांचे वडील, ख्यातनाम कादंबरीकार ताकेओ आरिशिमा, यांनी १९२३ साली एका विवाहित स्त्रीसह जीवन संपविले होते. मोरी तेव्हा बारा वर्षांचे होते.

‘उकिगुमो’ या परंपरेला सामोरा जातो आणि तिला वळसा घालतो. इकाहोला जाताना तोमिओकाच्या मनात एकत्र मरण्याचाच विचार असतो. पण तेथे घड्याळ विकले जाते, मद्य मिळते, ऊब मिळते, एक तरुण चेहरा दिसतो आणि मरण राहून जाते. जुन्या नाटकांतील प्रेमिकांजवळ निदान मृत्यूवरची श्रद्धा होती. युद्धाने लक्षावधी मृत्यू पाहिलेल्या या पिढीजवळ तीही उरलेली नाही. पुढे याकुशिमाकडे निघालेल्या दोघांचा आगगाडी आणि बोटीतला प्रवास हुबेहूब ‘मिचियुकी’सारखा वाटू लागतो. फरक एवढाच की त्याच्या शेवटी मरते ती एकटी युकिको. तोमिओकाला मागे राहून जगावे लागते.

त्याच काळात जपानमध्ये ‘किमी नो ना वा’ ही प्रेमकथा कमालीची लोकप्रिय होती. नभोवाणीवरील मालिकेतून निघालेल्या या कथेचे १९५३-५४ मध्ये तीन भागांत चित्रपट आले. विमानहल्ल्याच्या रात्री पुलावर भेटलेले दोघे पुढे सतत चुकामूक होऊन दुरावत राहतात आणि प्रेक्षक डोळे पुसत राहतो. ‘उकिगुमो’ तिच्या अगदी उलट आहे. येथे चुकामूक होत नाही. जेव्हा टाळता येईल तेव्हाही भेट होतेच.

ती त्याला का सोडत नाही?

चित्रपट पाहून झाल्यावर बहुतेकांच्या ओठी हाच प्रश्न येतो. त्याची सोपी उत्तरे अपुरी पडतात. तिला दुसरा आधार नाही म्हणावे, तर आधार देऊ शकणारे पुरुष तिला भेटतात आणि तीच त्यांना सोडते. ती भाबडी आहे म्हणावे, तर तोमिओकाविषयी तिच्याइतके स्वच्छ आणि बोचरे कोणीच बोलत नाही. ती सोशिक आहे म्हणावे, तर ती सोसताना गप्प बसत नाही.

उत्तर बहुधा असे आहे की तिच्या आयुष्यातील एकमेव सुखाचा दुसरा साक्षीदार तोमिओका आहे. त्याला सोडले तर दालात खरोखर होते का, हे सांगायला कोणी उरणार नाही. तोमिओकाची स्थिती याच्या उलट. तिला पाहिले की आपण काय होतो आणि काय झालो हे त्याला आठवते. म्हणून तो पळतो आणि पळून दमला की पुन्हा तेथेच येतो. ती भूतकाळाला धरून आहे, तो भूतकाळापासून लपतो आहे आणि दोघांचा भूतकाळ एकच आहे. पराभवानंतरच्या साऱ्या देशाचीही स्थिती याहून वेगळी नव्हती, हे जाणूनच तत्कालीन जपानी प्रेक्षकाने या दोन सामान्य माणसांत स्वतःला पाहिले असावे.

यात धोकाही आहे. अशी कथा स्त्रीच्या आत्मनाशाला प्रेमाचे नाव देते, असा आक्षेप घेता येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु नारुसे युकिकोचा आदर्श करून ठेवीत नाहीत. तिच्या हट्टाची किंमत ते पै-पैने मोजून दाखवितात. त्या हिशेबात तोमिओकाच्या नावावर जे येणे निघते, ते तो शेवटच्या दृश्यापर्यंत फेडू शकत नाही.

पावसाचे बेट

याकुशिमा हे क्युशूच्या दक्षिणेला असलेले डोंगराळ बेट. तेथील पुरातन देवदारासारखे सुगी वृक्ष जगप्रसिद्ध आहेत आणि १९९३ मध्ये बेटाच्या अरण्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. किनाऱ्यावरच वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि डोंगरात त्याहून कितीतरी जास्त. पण हायाशींनी हे बेट निवडण्यामागे आणखी एक अर्थ आहे. १९४६ मध्ये ३० अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेकडील बेटे जपानी प्रशासनापासून तोडण्यात आली. याकुशिमा या रेषेच्या किंचित उत्तरेला आहे. म्हणजे त्या काळी तेच जपानचे दक्षिण टोक होते. एकेकाळी ज्यांच्या देशाची सत्ता थेट आग्नेय आशियापर्यंत पसरली होती, त्या दोघांना दक्षिणेकडे आता एवढेच जाता येत होते. तेथेही अरण्य आहे, तेथेही वनखात्याची कचेरी आहे. जणू दालातचे एक ओले, काळवंडलेले प्रतिबिंब.

तेथे युकिकोला डोलीतून भर पावसात नेले जाते. शेवटच्या दृश्यात तोमिओका सगळ्यांना बाहेर पाठवून तिच्या शेजारी बसतो, दिवा जवळ आणून तिचा चेहरा पाहतो आणि तिच्या निर्जीव ओठांना लाली लावतो. मग तो कोसळून रडतो. त्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा एकदा पांढऱ्या पोशाखातील युकिको येते. आजवर दालातची आठवण जपण्याचे काम तिने केले, ते आता त्याच्या वाट्याला आले आहे. फुलाच्या आयुष्यावर हायाशींनी लिहिलेल्या शब्दांनी चित्रपट संपतो.

मान्यता आणि आजचा प्रेक्षक

तोहो संस्थेचा हा चित्रपट जानेवारी १९५५ मध्ये प्रदर्शित झाला. ‘किनेमा जुंपो’ या जपानमधील जुन्या आणि प्रतिष्ठित चित्रपट नियतकालिकाने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविले आणि नारुसे, ताकामिने व मोरी या तिघांचाही गौरव केला. याच नियतकालिकाने २००९ मध्ये घेतलेल्या कौलात सर्वकालीन जपानी चित्रपटांत ‘तोक्यो मोनोगातारी’ आणि ‘सात सामुराई’ यांच्या पाठोपाठ ‘उकिगुमो’ तिसरा आला. ओझूंसारख्या श्रेष्ठ दिग्दर्शकाने, आपल्याला करता येणार नाहीत अशा मोजक्या चित्रपटांत त्याची गणना केल्याचे सांगितले जाते.

जपानबाहेर मात्र नारुसे यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. सामुराई, युद्धे, भव्य इतिहास यांच्या तुलनेत त्यांच्या चित्रपटांतील भाड्याच्या खोल्या आणि घरखर्चाचे हिशेब परदेशी महोत्सवांना आकर्षक वाटले नसावेत. १९६९ मध्ये ते निवर्तले. १९८३ च्या लोकार्नो महोत्सवात त्यांच्या चित्रपटांचा विशेष विभाग झाला आणि त्यानंतर हळूहळू जगाचे लक्ष तिकडे वळले. योगायोगाने ‘उकिगुमो’ ज्या वर्षी आला, त्याच १९५५ मध्ये सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ही आला. दारिद्र्याला दयेचा विषय न करता त्यातील माणूस पाहण्याची दृष्टी दोन्ही चित्रपटांत आहे.

२००४ पासून पणजीत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे गोव्यात उपशीर्षके वाचत परभाषेतील चित्रपट पाहणारा एक जाणता प्रेक्षकवर्ग घडला आहे. त्या वर्गाने ‘उकिगुमो’पासून सुरुवात करून पुढे मद्यगृहचालिकेच्या जीवनावरील ‘ओन्ना गा काइदान ओ आगारु तोकि’ (१९६०) आणि युद्धविधवेच्या मनाची घालमेल दाखविणारा ‘मिदारेरु’ (१९६४) हे दोन चित्रपट जरूर पाहावेत. दोन्हींत ताकामिने आहेत. ‘उकिगुमो’ पाहताना मात्र थोडा धीर धरावा लागतो. पहिल्या अर्ध्या तासात या दोघांचा राग येईल, कदाचित कंटाळाही येईल. त्यानंतर एखाद्या वाटेवर ती मागे राहील, तो दोन पावले पुढे जाऊन थांबेल, आणि त्याने मागे वळून पाहावे की पाहू नये, हे आपल्यालाही ठरवता येणार नाही.